मुलींना सभागृहात, मुलांना मैदानावर : सहावीतल्या मुलाला कुणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे?

मुठाकाठची
माझा मुलगा सहावीत आहे. गेल्या शुक्रवारी शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवता ठेवता त्याने विचारले, "आज मुलींना सभागृहात नेऊन दार लावून घेतलं आणि आम्हाला दोन तास मैदानावर सोडलं. आत काय चाललं होतं?" त्याच्या वर्गातल्या एका मुलाने सुटीत एका मुलीच्या दप्तरातून लहानसे गुलाबी पाकीट ओढून काढले, ते मुलांमध्ये चेंडूसारखे फिरले आणि ती मुलगी रडत बाईंकडे गेली. बाईंनी त्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले. मात्र पाकिटात काय होते आणि त्यात रडण्यासारखे किंवा हसण्यासारखे काय होते, हे कुणीच कुणाला सांगितले नाही. मुलींना तर "मुलांशी याविषयी बोलायचं नाही" अशी तंबीच मिळाली होती.

मी बँकेत कर्जविभाग सांभाळते. थकबाकीदाराला समोर बसवून जे बोलायचे ते बोलताना माझी जीभ कधी अडत नाही, परंतु त्या संध्याकाळी मी मुलाला "आधी हातपाय धुऊन घे" एवढेच म्हणू शकले. यजमानांचे म्हणणे असे, की आम्हाला कुणी काय सांगितले होते, आणि न सांगितल्याने आमचे काय अडले? मला हे पटत नाही, पण सुरुवात कुठून करावी हेही सुचत नाही. म्हणून तीन प्रश्न विचारते. पाळी आणि वयात येणे यांविषयी मुलग्याला आईने सांगावे की वडिलांनी? सहावी हे वय लवकरचे आहे का? आणि तिसरा, मला सर्वांत कठीण वाटणारा प्रश्न : शब्द कोणते वापरायचे?

पेठेतला
मुलांना सलग दोन तास मैदान देणारी शाळा पुण्यात शिल्लक आहे, ही बातमी मला मूळ प्रश्नाइतकीच महत्त्वाची वाटली.

आता गांभीर्याने. आमच्या वडिलांनी या विषयावरचे एक पुस्तक वर्तमानपत्राचे कव्हर घालून कपाटाच्या वरच्या खणात, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली ठेवले होते. ते आपोआप मला सापडावे आणि त्यांचे कर्तव्य परस्पर पार पडावे, अशी योजना होती. पुस्तक सापडले, पण घराला रंग काढला तेव्हा. त्या वेळी माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या होत्या. तेव्हा तुमच्या यजमानांना सांगा, की अडत काही नाही, फक्त उशीर होतो.

स्टेथोस्कोप
मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे सहकारनगर परिसरात काम करतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मतावर अवलंबून नाही.

मुलींमध्ये वयात येण्याची पहिली खूण, म्हणजे स्तनांची वाढ सुरू होणे, ही ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान केव्हाही दिसू शकते आणि पाळी साधारणपणे त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. मुलांमध्ये सुरुवात ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान होते. त्यांच्यातली पहिली खूण मिशी किंवा आवाज नसून वृषणांची वाढ ही असते, आणि ती कुणाच्या लक्षात येत नसल्यामुळे आपण मुलगा अजून लहानच आहे असे समजून चालतो. उंचीची झेपही मुलांमध्ये मुलींपेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा येते. सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत मुली का उभ्या असतात, याचे हे साधे कारण आहे. म्हणजे सहावीतल्या मुलाला सांगणे लवकर तर नाहीच. काही मुलांच्या बाबतीत थोडा उशीरच झालेला असतो. मुलीत ८ वर्षांच्या आत किंवा मुलात ९ वर्षांच्या आत हे बदल सुरू झाले, किंवा मुलीत १३ आणि मुलात १४ पर्यंत काहीच बदल दिसला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. पाळीबाबत १५ ही मर्यादा लक्षात ठेवावी.

न सांगितल्याने काय अडते, याचे एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. तक्रार अशी, की हा पोहायला जाणे बंद झाला आहे, उन्हाळ्यातसुद्धा सदऱ्याच्या आत दोन बनियन घालतो आणि विचारले की चिडतो. आईला बाहेर बसवून मी त्याला तपासले, तेव्हा त्याच्या छातीवर एका बाजूला लहानशी गाठ होती. या वयात जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातीला अशी थोडीफार सूज येते. संप्रेरकांचा तोल तात्पुरता बदललेला असतो, म्हणून हे होते आणि बहुतेकांची सूज दोन वर्षांच्या आत आपोआप जाते. त्या मुलाला मात्र आपण मुलगी होत चाललो आहोत असे वाटत होते आणि असे वाटण्याचे ओझे त्याने सात महिने एकट्याने वाहिले होते. "असं होतं, आणि जातं" ही चार शब्दांची माहिती कुणी आधी दिली असती, तर त्याचा एक उन्हाळा वाया गेला नसता.

आणखी एक मुद्दा शब्दांविषयीचा आहे. झोपेत वीर्य बाहेर येणे ही या वयात अगदी स्वाभाविक घटना आहे, परंतु मराठीत तिला रूढ शब्द आहे 'स्वप्नदोष'. ज्या भाषेत नावातच दोष आहे, त्या भाषेतला मुलगा घाबरला तर नवल काय? या भीतीवरच एस. टी. स्थानकाबाहेरच्या भिंतींवरच्या 'गुप्तरोग, धातू जाणे, शर्तिया इलाज' या जाहिराती जगत आल्या आहेत.

शंकासुर
सर्वांचे म्हणणे आदराने वाचले, तरी मला सहमत होता येत नाही. डॉक्टरांनी शरीराच्या वयाचा मुद्दा मांडला तो मान्य आहे, परंतु मनाचे वय हीही एक गोष्ट आहे. एकाच वर्गात बसलेल्या पन्नास मुलांपैकी काही प्रश्न विचारण्याच्या टप्प्यावर असतात, तर काही अजून पतंगात आणि क्रिकेटच्या कार्डांत रमलेले असतात. या सर्वांना एकाच दिवशी, एकाच भाषणातून, एकाच मापाची माहिती देणे मला शिक्षण वाटत नाही. ते उरकणे आहे. शिवाय हे सांगणारा कोण आहे, त्याची पात्रता काय आणि तो नेमके काय सांगणार, हे आम्हा पालकांना आधी कळत नाही. माझ्या मुलीच्या शाळेत आलेल्या बाईंनी वीस मिनिटे शरीराविषयी आणि चाळीस मिनिटे एका विशिष्ट नॅपकिनविषयी सांगितले. माझा विरोध माहितीला नसून या घाऊकपणाला आहे. हे काम घराचे आहे आणि घरानेच करावे.

खडूफळा
शंकासुर, तुमचा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. नमुन्याची पाकिटे वाटायला आलेली व्यक्ती शिक्षक नव्हे. पहिल्या आक्षेपाविषयी मात्र बावीस वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर काही सांगावेसे वाटते.

"घराने करावे" हे वाक्य मी दर पालकसभेत ऐकते आणि वर्गात गेल्यावर कळते, की घराने ते शाळेवर सोडलेले आहे. शाळेने ते पाठ्यपुस्तकावर सोडलेले असते. आपली 'बालभारती' इथेच सेनापती बापट रस्त्यावर आहे. तिच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' या प्रकरणात मानवी प्रजननसंस्था आकृत्यांसह दिलेली आहे आणि ती चांगली दिलेली आहे. परंतु दहावी म्हणजे वय वर्षे पंधरा! तोपर्यंत मुलींची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात आणि मुलांचा आवाज फुटून जुना झालेला असतो. याला वरातीमागून घोडे म्हणतात. त्यातही अनेक वर्गांत हे प्रकरण "घरी वाचा, आकृत्या पाठ करा" असे सांगून ओलांडले जाते, हे मी शिक्षकच असल्यामुळे लाजेने कबूल करते.

२००७ मध्ये केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमावरून वादळ उठले आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो आपल्या शाळांत थांबवला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. त्या वेळी मी नोकरीत नवीन होते. आम्हाला आलेल्या सूचनांपेक्षा शिक्षकांच्या खोलीतली शांतता जास्त बोलकी होती. ज्यांना शिकवायचे नव्हते त्यांना कारण मिळाले आणि ज्यांना शिकवायचे होते त्यांना धाक बसला. तो धाक कागदावरून गेला तरी मनातून जायला फार वर्षे लागली.

मी आता काय करते ते सांगते. सातवीच्या वर्गात एक बुटाचे रिकामे खोके ठेवते. मुलगे आणि मुली या सर्वांनी कोऱ्या चिठ्ठीवर, नाव न घालता, प्रश्न लिहून टाकायचा. प्रश्न नसेल त्यानेही 'प्रश्न नाही' असे लिहून चिठ्ठी टाकायची, म्हणजे कोण लिहीत होते हे कुणाला कळत नाही. आठवड्याने मी उत्तरे देते आणि जे प्रश्न आलेच नाहीत त्यांची उत्तरे देत नाही. शंकासुर ज्याला एका मापाची माहिती म्हणतात, तिच्यावर मला सापडलेला हा तोडगा आहे. पतंगात रमलेल्या मुलांच्या चिठ्ठ्या पतंगातच राहतात.

त्या चिठ्ठ्यांमध्ये पालक ज्याची धास्ती घेतात तसे फारसे काही नसते. "कावळा फक्त मुलींनाच का शिवतो?" "पाळीत दुखतं तर सुटी का मिळत नाही?" "माझ्या ताईला लोणच्याला हात लावू देत नाहीत, लोणचं खरंच खराब होतं का?" एकदा एक चिठ्ठी होती : "माझा आवाज फाटतो म्हणून मला प्रार्थनेतून काढलं. तो परत येईल का?" ती मी अजून जपून ठेवली आहे. स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि नव्या वाद्यावर हात बसेपर्यंत सूर घसरतोच, असे मी वर्गाला सांगितले. ज्यांनी त्याला काढले त्या सहकाऱ्यांनाही तेच सांगितले.

शब्दवेल्हाळ
ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळत नाही, म्हणून मी वळतो. आपल्या मराठीत या अवयवांसाठी तीन प्रकारचे शब्द आहेत. पहिला प्रकार बाळबोध, म्हणजे 'शूची जागा' आणि घरोघरची लाडाची नावे. दुसरा प्रकार रस्त्यावरचा. तो इथे लिहिण्याचे कारण नाही, कारण शनिवारवाड्यासमोर कुणाची दुचाकी कुणाला घासली की तो सर्वांना ऐकू येतो. तिसरा प्रकार संस्कृत आणि पाठ्यपुस्तकी : शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय. पहिले शब्द अकराव्या वर्षी अपमानास्पद वाटतात, दुसरे शिव्या आहेत आणि तिसरे आपण घरात कधी उच्चारलेले नसतात. नाक, कान, कोपर, घोटा यांच्याविषयी बोलताना मराठी माणसाला अशी निवड करावी लागत नाही. म्हणून मग सुशिक्षित घरे इंग्रजी शब्दांचा आडोसा घेतात. आडोशाने काम भागते हे मला मान्य आहे, परंतु जे आपल्या भाषेत म्हणता येत नाही ते मुलांना आपोआप चोरटे वाटू लागते.

माझ्या मते तिसरा प्रकार निवडावा आणि तो वापरून वापरून घरचा करावा. 'रक्तदाब' हा शब्दही एके काळी असाच परका होता. आज ओट्यावर बसून गप्पा मारणाऱ्या आजी तो सहज वापरतात.

पेठेतला
वेल्हाळराव, आमच्या आजी 'बीपी' म्हणतात. पण मुद्दा पोचला.

खडूफळा
शब्दांविषयी माझा अनुभव असा आहे, की मी ते शब्द फळ्यावर लिहिते आणि संपूर्ण वर्गाकडून मोठ्याने वाचून घेते. पहिल्या वेळी खसखस पिकते, दुसऱ्या वेळी मागचे दोन बाक हसतात आणि तिसऱ्या वेळी सर्वांना कंटाळा येतो. कंटाळा आला की मी शिकवायला सुरुवात करते.

जुनापूल
वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात. वाड्यात बावीस बिऱ्हाडे आणि एकच नळ होता, त्यामुळे कोणती बाई कोणत्या दिवशी 'बाहेरची' झाली हे सर्वांना माहीत असे. ती कोपऱ्यात चटईवर बसे, तिला पाणी वरून वाढत आणि आम्ही पोरे विचारू लागलो की उत्तर एकच : "कावळा शिवला." मी कित्येक दिवस गच्चीवर कावळ्यांना हाकलत असे, कारण आईने चार दिवस दूर बसू नये असे मला वाटे.

थोरल्या बहिणीला न्हाण आले तेव्हा मखर घातले, ओटी भरली, गोडाधोडाचे झाले. म्हणजे बावीस बिऱ्हाडांना जाहीर आमंत्रण होते आणि तरीही आम्हा मुलग्यांना कशाचे आमंत्रण आहे ते ठाऊक नव्हते. एवढी गाजावाजा केलेली गुपिते मी नंतर कुठे पाहिली नाहीत.

या शहराला हा विषय नवा नाही. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये झाला, तेव्हा पुण्यातच केवढे रण माजले होते. लोकमान्यांनी त्याला विरोध केला, सुधारकांनी पाठिंबा दिला आणि ज्या मुलींविषयी हे सर्व चालले होते त्यांना कुणी विचारले नाही. पुढे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ मध्ये लैंगिक शिक्षण आणि संततिनियमन यांना वाहिलेले 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते पदरमोड करून चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. ते मासिक आमच्या वाड्यात येत असे, असे मी ऐकून होतो, पण ते कोणत्या बिऱ्हाडात येई हे शेवटपर्यंत कुणी कबूल केले नाही.

ओला_सुका
मी आमच्या सोसायटीच्या कचरा व्यवस्थापनाचे काम पाहते, म्हणून माझा प्रतिसाद थोडा वेगळ्या दारातून येतो आहे, पण तो विषयाला धरूनच आहे.

'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने पुण्यात लाल ठिपक्याची मोहीम सुरू केली. वापरलेला नॅपकिन कागदात नीट गुंडाळायचा आणि त्यावर लाल ठिपका काढून वेगळा द्यायचा, म्हणजे कचरा वर्गीकृत करणाऱ्या बाईंना पुडके उघडून पाहावे लागत नाही. आमच्या घरी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणे हे मुलाचे काम आहे. तो नऊ वर्षांचा असताना त्याने विचारले, की या पुडीवर लाल ठिपका कशाचा? मी आधी नेहमीप्रमाणे टाळले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी सहज सांगितले, की ठिपका नसला की सगळे हाताने उघडावे लागते. तेव्हा मला वाटले, की त्या बाईंच्या हाताला जे रोज लागते त्याचे नावही माझ्या मुलाला ठाऊक नसावे, हे बरोबर नाही.

मग ठिपक्यापासूनच सुरुवात केली. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होते. बाळाची गरज नसेल तर ते अस्तर सुटून रक्तासोबत बाहेर पडते. हे रक्त घाण नसते, जखमेचेही नसते. सगळे मिळून साधारणपणे दोन-तीन मोठे चमचे भरेल एवढे असते. त्याने दोन प्रश्न विचारले : दुखतं का, आणि मावशींना पण होतं का. दोन्हींना "हो" म्हटल्यावर तो खेळायला गेला. तेव्हापासून ठिपका काढायचे राहिले तर तोच आठवण करतो.

सारथी
मी सहसा फक्त वाचतो. पत्नी वारली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. आज ती बारावीत आहे.

ती दहा वर्षांची झाल्यावर मला झोप येईना, कारण एक दिवस पाळी येणार आणि त्या दिवशी घरात मीच असणार, हे स्पष्ट दिसत होते. गावाकडे बहीण होती, पण फोनवरून ती "मी आले की सांगते" म्हणे, आणि तिचे येणे दिवाळीला. शेवटी शेजारच्या काकूंकडे गेलो आणि स्वच्छ सांगितले, की मला शिकवा. त्यांनी आधी पदर तोंडाला लावला, मग स्वयंपाकघराच्या टेबलावर नॅपकिन उघडून तो कपड्यांना कसा लावायचा, किती तासांनी बदलायचा आणि डाग पडला तर थंड पाण्यात कसा धुवायचा, हे सर्व दाखवले. ट्रकच्या चाकाचा पंक्चर काढायला शिकलो होतो, तेव्हाही मी इतके लक्ष दिले नव्हते.

मग एका रविवारी मुलीला बसवून मी तेच तिला दाखवले. तिच्या दप्तरात एका कापडी पिशवीत दोन नॅपकिन, एक जास्तीची चड्डी आणि एक वर्तमानपत्राचा कागद ठेवला. ती पिशवी तिथे दीड वर्ष होती. ज्या दिवशी लागली त्या दिवशी मी कात्रजच्या घाटात होतो. तिने फोन करून सांगितले, "बाबा, पिशवी वापरली." मी गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ थांबलो.

औषधाच्या दुकानात अजूनही मला नॅपकिन काळ्या पिशवीत मिळतात. मी सांगतो, "पिशवी नको, तसंच द्या." दुकानदारच अवघडून इकडेतिकडे बघतो.

आई की वडील, या ताईंच्या प्रश्नावर माझे उत्तर : जो घरात असेल त्याने.

मुठाकाठची
सारथीदादा, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण उठून गॅलरीत गेले. हे आमच्या घरात बोलण्यासारखेच आहे.

शंकासुर
सारथी यांच्यापुढे वाद घालण्यासारखे काही उरत नाही. मी माझे म्हणणे दुरुस्त करतो. हे काम घराचे आहे असे मी लिहिले, तेव्हा प्रत्येक घरात सांगू शकणारी व्यक्ती आहे असे मी गृहीत धरले होते.

तरीही एक काळजी उरतेच. खडूफळा यांच्यासारखे शिक्षक किती? प्रश्न विचारण्याचे खोके एखाद्या अर्धवट माणसाच्या हातात पडले, तर? चिठ्ठीत एखाद्या मुलाने आपल्यावर घडणाऱ्या अत्याचाराविषयी लिहिले, तर शिक्षकाने काय करायचे?

खडूफळा
तुमची ही शंका फार महत्त्वाची आहे आणि असे घडते. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, म्हणजे ज्याला सगळे 'पोक्सो' म्हणतात त्यानुसार, अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. शाळेच्या अब्रूसाठी ती दाबून ठेवणे हाच गुन्हा ठरतो. म्हणून मी खोके ठेवण्याआधीच मुलांना सांगते, की कुणाला त्रास होत असल्याचे मला कळले तर मी ते गुपित ठेवणार नाही, मदत आणीन. सोबत १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेला असतो.

आणि इथेच शब्दांचा प्रश्न पुन्हा येतो. ज्या मुलाला आपल्या अवयवाचे नाव ठाऊक नाही, तो "काकांनी मला कुठे हात लावला" हे सांगणार कसे? 'शूची जागा' हे पोलिसांपुढे पुरेसे ठरेलही, पण ते सांगताना मूलच आधी शरमेने खाली बघते. योग्य नाव हे त्याच्या हातातले एक साधन आहे.

सावलीचंझाड
माझी मुलगी बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग आहे. वय तेरा. "हिला काय कळणार, कशाला सांगता" हे मी जवळच्यांकडून ऐकले आहे. शरीर मात्र कुणाची बुद्धी तपासून वयात येत नाही. आम्ही लाल पाणी टाकलेला नॅपकिन, एक बाहुली आणि सहा चित्रे एवढ्यावर आठ महिने सराव केला. न्हाणीघराचे दार लावून कपडे बदलायचे, हा एकच धडा आम्ही शंभर वेळा तरी घेतला असेल. आता ती स्वतः बदलते आणि कॅलेंडरवर फूल काढते. अशा मुलांच्या पालकांनी आणखी लवकर सुरुवात करावी, एवढेच सांगायचे होते.

स्टेथोस्कोप
सावलीचंझाड, तुमच्या मुलीच्या कॅलेंडरची कल्पना मी इतर पालकांना सांगणार आहे. पहिली दोन-तीन वर्षे पाळी २१ ते ४५ दिवसांत केव्हाही येऊ शकते, त्यामुळे नोंद ठेवणे सर्वच मुलींना उपयोगी पडते. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला किंवा दर तास-दोन तासांनी नॅपकिन पूर्ण भिजू लागला, तर "वयाचं आहे, होईल नीट" म्हणून थांबू नये.

चर्चा पाळीभोवती फिरते आहे म्हणून दोन गोष्टी जोडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुले खिडकीतून फेकतात, कारण ती कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. ती जेवणानंतर घ्यावी आणि लगेच चहा पिऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची लस. तिची भारतीय आवृत्ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेच तयार केली आणि २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. ती ९ ते १४ या वयात दिल्यास सर्वांत चांगला परिणाम होतो. "एवढ्या लहान मुलीला ही लस कशाला" असे पालक विचारतात. विषाणूशी संबंध येण्याच्या आधी देण्यातच तिचा अर्थ आहे.

पेठेतला
म्हणजे लस हडपसरला तयार होते, पुस्तक सेनापती बापट रस्त्यावर तयार होते आणि मुलगा मात्र मैदानावर तयार होतो.

मुठाकाठची
दहा दिवसांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. आधी घरातले सांगते.

समोरासमोर बसून बोलणे मला जमेना, म्हणून त्याला शिकवणीहून आणताना स्कूटरवर बोलले. तो मागे, मी पुढे, म्हात्रे पुलावर नेहमीप्रमाणे गर्दी, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचे तोंड दिसत नव्हते आणि पळून जाण्याची सोयही नव्हती. ओला_सुका यांनी लिहिलेले अस्तर आणि चमचे मी जवळजवळ तसेच वापरले. 'गर्भाशय' सहज जमला. 'योनी' म्हणताना मी आवाज एवढा खाली आणला की त्याने "काय?" असे विचारले आणि मग सिग्नलला उभी असताना मला तो शब्द मोठ्याने म्हणावा लागला. शेजारच्या रिक्षातल्या आजोबांनी मान वळवली. आम्ही दोघेही हसलो आणि त्यानंतर सोपे झाले.

त्यानंतर मुलांमध्ये काय काय बदल होतात हे सांगत होते, तर त्याने विचारले, "बाबांचा आवाज कधी फुटला?" मला माहीत नव्हते. लग्नाला चौदा वर्षे झाली, पण हे मी कधी विचारलेच नव्हते. घरी गेल्यावर त्याने थेट बाबांनाच विचारले. यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि सांगितले, की नववीत असताना गणपतीच्या आरतीत फुटला, सर्वांदेखत, 'घालीन लोटांगण'च्या वरच्या सुरात. त्यानंतर ते पाच दिवस आरतीला उभेच राहिले नव्हते आणि कारण म्हणून पोटदुखी सांगत होते. पुढचा अर्धा तास बापलेक खोलीत होते. दार लावलेले नव्हते, पण मी गेले नाही. डॉक्टरांनी लिहिलेला 'दोष' नसलेला मुद्दा त्यांनी सांगितला असावा, कारण रात्री त्यांनी मला विचारले, की त्याला दुसरा चांगला मराठी शब्द आहे का.

मुलाने आपणहून एक गोष्ट केली. पाकीट हिसकावणाऱ्या मुलाला त्याने ते काय होते हे सांगितले. तो मुलगा म्हणाला म्हणे, "मग बाईंनी तेव्हाच का नाही सांगितलं?" त्याने त्या मुलीची माफी मागितली की नाही, हे कळलेले नाही.

आता शाळेकडे वळते. मी आणि आणखी सहा पालकांनी मुख्याध्यापिकांची भेट घेतली. त्यांनी नकार दिला नाही, पण होकारही दिला नाही. लेखी पत्र द्या, त्यात काय शिकवायचे ते मुद्दे लिहा आणि इतर पालकांच्या सह्या आणा, असे सांगितले. आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत : मुलगे आणि मुली दोघांनाही सांगावे, बोलणारी व्यक्ती कुठल्या मालाची विक्री करणारी नसावी आणि आधी चिठ्ठ्यांचे खोके ठेवावे. शंकासुर, काय सांगणार ते पालकांना आधी कळावे, हा तुमचा मुद्दाही घेतला आहे.

शंकासुर
मसुदा इथे टाकावा. माझ्या मुलीच्या शाळेतही देईन.

स्टेथोस्कोप
त्या शब्दासाठी मी 'झोपेतला वीर्यपात' एवढेच म्हणतो. सुंदर नाही, पण त्यात कुणाचा दोष नाही.

मुठाकाठची
मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत टाकते. यजमान लिहिताहेत.

शब्दवेल्हाळ
टाकण्यापूर्वी मला एकदा दाखवावा. 'शिश्न' या शब्दात दोन्ही श शहामृगातले आहेत, षट्कोनातले नव्हेत. आणि 'योनी'तली नी मराठीत दीर्घ लिहायची. मुख्याध्यापिका पुण्यातल्या आहेत, तेव्हा विषयावरून पत्र परत येईल की नाही सांगता येत नाही, पण शुद्धलेखनावरून नक्की येईल.